कंपाउंडर जावई

"पगार वाढला काय, जवाई?"

तुळशीरामच्या पायातल्या चपला निघायच्या आत पुंजाजींनी विचारलं. ओसरीवर मेथीचा ढीग पडला होता आणि सासरेबुवा जुड्या बांधत बसले होते. उद्या मोताळ्याचा बाजार. डोणगावहून गाड्या बदलत बदलत तुळशीराम आला होता, आणि हा प्रश्न येणार हे त्याला मेहकरच्या स्टँडवरच ठाऊक होतं.

"नाही मामाजी. डाक्टर म्हनते, पाहू दिवाळीनंतर."

"म्हंजे साठच."

"साठच."

पुंजाजींनी जुडी बाजूला फेकली आणि दुसरी घेतली. जावयाला बस म्हणायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही, किंवा आलं असूनही ते म्हणाले नाहीत.

लग्नात त्यांनी हुंडा दिला नव्हता. त्याऐवजी जावयाला दोन वर्षं अकोल्याला ठेवून, एका खाजगी वर्गात कंपाउंडरी शिकवली होती. फी, खोली, खानावळ, सगळं धरून बाराशे रुपये गेले. राज्य नवं होतं. गावोगावी दवाखाने निघतील, कंपाउंडर हुडकून सापडणार नाहीत, असं जो तो छातीठोकपणे सांगत होता. सांगणाऱ्यांचं काय जात होतं? कंपाउंडर म्हणजे अर्धा डॉक्टर, असं म्हणत पुंजाजी चार बाजार मिरवले. शेवटी डोणगावच्या एका डॉक्टरकडे नोकरी लागली. पगार पाव डॉक्टराचाही नव्हता.

मग तुळशीरामची बायको मनकर्णा बाळंतपणाला माहेरी आली आणि तिथेच राहिली. 'पगार शंभर होऊ द्या, मंग न्या,' असं पुंजाजींनी बारशाच्या दिवशीच सांगून टाकलं. ज्या पोरीचं बारसं होतं ती आता धावायला लागली होती. तुळशीरामला पाहून ती आईच्या लुगड्यामागे दडली आणि ओरडली, "आई, पाव्हना आला!"

मनकर्णेने पोरीच्या तोंडावर हात ठेवला. तुळशीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने आणलेला बिस्किटांचा पुडा पुढे केला, तर पोरीने तो आईच्या हातून घेतला.

"हिशेब सांगतो, जवाई," पुंजाजी म्हणाले. "साठातले पंधरा खोलीचे. तीस-पस्तीस तुमच्या एकट्याच्या पोटाचे. रायलं काय? माह्या मळ्यातला सालदार तुमच्याहून बरा. त्याले वरून जवारी भेटते. बाराशेत मी बैलजोडी घेतली असती ना!"

"तुमचा पैसा मी फेडीन, मामाजी."

"पैसा गेला खड्ड्यात!" म्हातारा एकदम कडाडला. "मी डोनगावले आलो होतो, तवा पोरगी मिर्चीसंगं कोरडी भाकर खाऊन राह्यली होती. भरल्या पोटानं! सात महिन्याची पोटुशी. आन मले म्हने, बाबा, वरन-भात आत्ताच सरला. मी भाजी पिकवतो बे. माही पोरगी मिर्ची खाते?"

पुंजाजींनी डोळे पुसले आणि मनातलं बाहेर काढलं. मोताळ्याच्या बाजाररस्त्यावरची त्यांची खोली रिकामी होती. तिथे दवाखान्याचा बोर्ड लावायचा. सुईचा रुपया घ्यायचा. बाजाराच्या दिवशी खोलीत मावणार नाहीत इतकी माणसं येतील.

"मी डाक्टर नाही, मामाजी. मले औषध खलता येते, बाटलीवर डोसाच्या खुना लावता येते. रोग ओयखनं मले शिकवलं नाही."

"मंग बाराशे रुपयात शिकवलं काय?"

हा प्रश्न तुळशीरामने स्वतःला पुष्कळदा विचारला होता.

संध्याकाळी विहिरीवर मनकर्णा मेथी धूत होती. तो जवळ जाऊन बसला.

"हो म्हना ना," ती मान वर न करता म्हणाली.

"कोनाले काही झालं तर?"

"आन मले काही होऊन नाही राह्यलं काय? वयनी भाकरी वाढते तवा माह्या तोंडाकडे पाहाते. पोरगी तुमाले पाव्हना म्हनते. मी किती दिवस काढू असे?"

तिच्या हातांना थंड पाण्याने भेगा पडल्या होत्या. तुळशीराम त्या हातांकडे पाहत राहिला. डॉक्टरची दिवाळी दरवर्षी येत होती, पगार वाढत नव्हता. शंभर कधीच होणार नव्हते, हे त्या विहिरीच्या काठावर त्याला स्वच्छ कळलं.

"हो," तो म्हणाला.

मनकर्णा हसली आणि हसता हसताच रडली. तिला इतकं सुखी त्याने लग्नातही पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःला मात्र काहीतरी हातचं गेल्यासारखं वाटत होतं.

महिन्याभरात बोर्ड लागला. 'कंपाउंडर' लिहा, असं त्याने रंगाऱ्याला दोनदा सांगितलं. पुंजाजींनी 'डॉक्टर' लिहून घेतलं. "कंपाउंडरकडे कोन येते?" ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पहिल्याच बाजाराला ओटा भरला. पुंजाजी बाहेर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावत होते. आत मनकर्णा नवं लुगडं नेसून स्टोव्हवर सुया उकळत होती. सगळ्यात आधी एक बाई आत आली. तिने कडेवरचं पोर टेबलावर निजवलं आणि शेजारी रुपया ठेवला. पोर रडतही नव्हतं. श्वास भात्यासारखा चालला होता आणि दर श्वासाला फासळ्या आत ओढल्या जात होत्या.

"बाई, याले बुलडान्याच्या दवाखान्यात न्या. आत्ताच."

"तितक्या दूर मी एकली कशी नेऊ, साहेब? तुमीच द्या ना सुई."

तुळशीरामने दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी डाक्टर नाही. मी कंपाउंडर आहो."

बाईचा चेहरा उतरला. आपलं फाटकं लुगडं पाहून साहेब टाळतोय, एवढंच तिला समजलं. तिने पदराची गाठ दातांनी सोडली, आणखी एक रुपया काढला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला.

"निंदनाच्या मजुरीचा हाये, साहेब," ती म्हणाली. "आता त नाही म्हनू नका."

मनकर्णेने उकळलेल्या सुयांची वाटी पुढे धरली. "द्या ना," ती हळूच म्हणाली.

तुळशीरामने कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि पोराचा दंड पुसायला सुरुवात केली. दंड केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी तो पुसतच राहिला.