आठव्या दिवसाची तपासणी

“कनका बाई, वेस्ट मांबलम,” वॉर्डबॉय म्हणाला आणि लगेच पुढचं नाव वाचू लागला.

साथीच्या इस्पितळात नातलगांना आत सोडत नसत. रोज सकाळी दहाला हा वॉर्डबॉय फाटकाच्या गजांपलीकडे उभा राहून गेलेल्यांची नावं वाचायचा. नाव आलं नाही की आपलं माणूस जिवंत आहे असं समजून लोक घरी जायचे. गुंडो सहा दिवस असाच घरी गेला होता. सातव्या दिवशी त्याच्या बायकोचं नाव आलं.

बाकीची माणसं पांगली, तरी तो जागचा हलला नाही.

“तुमचीच ना ती?” वॉर्डबॉयने विचारलं. “देवीच्या रोग्याचं प्रेत घरी देत नाहीत. पहाटेच नेलं. इथे अंगठा उठवा.”

“अंगठा कशाला? सही येते मला.”

“मग सही करा.” त्याने कागद गजांतून बाहेर सरकवला. “टोचून घेतलं नव्हतं का हो? शिकलेल्या घरचे दिसता.”

गुंडोने कागद वाचला. नाव, वय छत्तीस, रोग देवी. त्याखाली लिहिलं होतं, ‘लस टोचलेली. संरक्षित.’ भरती करताना ही माहिती गुंडोनेच दिली होती. टोचणाराही तोच होता.

त्याने सही केली. कागद गजांतून परत आत सरकवला.

गुंडो एकोणीस वर्षं लोकांच्या देवी काढत होता. तंजावर सोडून मद्रासला आलेल्या मराठी घरांतली बहुतेक मुलं कचेऱ्यांत चिकटली. हा लस खात्यात लागला. काम सोपं होतं. दंडावर लसीचा थेंब ठेवायचा, त्यावर टोचणी फिरवायची आणि आठव्या दिवशी परत जाऊन दंड बघायचा. फोड आला असेल तर रजिस्टरात ‘उठली’ लिहायचं. लहान मुलाला आला नाही तर ‘उठली नाही’, म्हणजे पुन्हा टोचायचं. मोठ्या माणसाला फोड आला नाही, तर लहानपणी टोचलेलं अजून त्याच्या अंगात आहे असं धरून ‘संरक्षित’ लिहायचं. नियमच तसा होता. लस मेलेली असली तरीही फोड येत नाही, हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

लस उन्हाने मरते. गेल्या वर्षी चित्रै महिन्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं तेव्हा, डेपोत पाच दिवस बर्फ आला नाही. सुपरवायझर कृष्णस्वामी म्हणाले, “आहे ती वापरा. महिन्याचा आकडा पुरा व्हायला हवा.”

ती लस घेऊन गुंडो आपल्याच रस्त्यात गेला. बायका दाराआड उभ्या राहिल्या. मारियम्मन, ही रोगाची देवी, यायची तेव्हा येईल, टोचून तिला आधीच कशाला बोलवायचं, असं त्यांचं म्हणणं. मग कनका ओट्यावर येऊन बसली आणि अस्तनी वर करून मोठ्याने म्हणाली, “मला टोचा अगोदर. अस्क्यांना, सगळ्या रस्त्याला बघू द्या.” समोरच्या बायकांना म्हणाली, “सतरा वर्षं ह्यांच्या हातचं सोसलंय मी. सुईनं काय होतंय?”

बायका हसल्या आणि एकेक करून बाहेर आल्या. तिच्यामागून संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस दंड झाले.

आठव्या दिवशी एकाही दंडावर फोड नव्हता. मोठ्यांच्या पुढे गुंडोने नियमाप्रमाणे ‘संरक्षित’ लिहिलं. पण बावीस लहान मुलं होती, आणि बावीसच्या बावीस दंड कोरे होते. त्याने खरं ते लिहिलं. चार दिवसांनी कृष्णस्वामींचा मेमो आला, ‘टोचण्याची पद्धत सदोष. खुलासा करावा.’ मागोमाग त्यांनी बोलावून घेतलं. “बावीसांत एकही नाही? हे वर पाठवलं तर तुमची नोकरी जाईल आणि माझी बढती. नीट बघून आणा.”

गुंडोने नीट बघून आणलं. बावीस वेळा ‘उठली’ लिहिलं.

त्याच संध्याकाळी कनकाने दंड पुढे केला होता. “माझं कांहींच उठलं नाही हो.”

“लहानपणचं अंगात आहे तुझ्या. पक्की आहेस तू.”

हे बोलताना आपल्याला ते खरं वाटत होतं का, हे इस्पितळापासून घरापर्यंत चालताना तो स्वतःला विचारत होता.

त्याने विहिरीवर नेसत्या धोतरानिशी अंघोळ केली. समोरच्या घरातली अलमेलू मामी आपल्या पायरीवर उभी होती. तिनेच कनकाला सोळा वर्षांपूर्वी या रस्त्यातली पाण्याची वेळ, भाजीवाली, देऊळ सगळं दाखवलं होतं.

“काय म्हणाले रे, गुंडो?”

“गेली.”

मामी मटकन खाली बसली. पदर तोंडात घालून रडली. मग एकदम तिचं रडणं थांबलं.

“माझ्या वसंताची दोन पोरं आहेत इथं. त्यांना तू टोचलंयस. त्यांना भय नाही ना रे?”

“त्यांचे दंड दाखवा, मामी.”

“तुला सुतक आहे. शिवूं नको त्यांना.”

“लांबूनच दाखवा.”

मामीने पोरांना दारात उभं केलं. एवढासाही व्रण नव्हता. देवी काढल्याचा व्रण माणूस मरेपर्यंत जात नाही, हे मामीलाही ठाऊक होतं. तिने एक दंड चोळून पाहिला, मग दुसरा.

“लस मेलेली होती,” गुंडो म्हणाला. “मला कळलं होतं.”

“कळलं होतं?” मामी उठून उभी राहिली. “कनकाला पुढं बसवलंस, तिच्या तोंडाकडं बघून आम्ही हात दिले. कळलं होतं तर तोंड कां शिवलं होतंस तुझं? चांडाळा, एक वर्ष रोज माझ्या दारावरून जात होतास!”

 तिचं बोलून झालं तेव्हा तो म्हणाला, “लस आणतो.”

ओल्या धोतराने तो कचेरीत शिरला. सुतकी माणूस बघून कारकुनांनी खुर्च्या मागे ओढल्या. कृष्णस्वामीही उभे राहिले.

“अय्यो, गुंडो राव, आत्ताच कळलं. फार वाईट झालं. पण अशा स्थितीत इथे कशाला? दहा दिवस रजा घ्या.”

“रजा नको, सार्. लस हवी. एकशे चाळीस माणसांची.”

“कुठल्या रस्त्याला?”

“माझ्या.”

कृष्णस्वामींनी कपाटातून रजिस्टर काढून पान उघडलं. “तुमचा रस्ता पुरा झालाय. तीन वर्षं तिथे लस देता येत नाही.”

“ते खोटं आहे.”

“सही कुणाची आहे?”

“माझी. आणि तिच्याखाली तुमची.”

कृष्णस्वामींनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “हे बघा, झालं ते झालं. आता लस मेलेली होती असं बाहेर पडलं तर या शहरात कुणी दंड पुढे करील का? चांगली लससुद्धा घेणार नाहीत. आणखी माणसं मरतील. त्याचं पाप कुणाला?”

 त्या माणसाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, आणि म्हणूनच गुंडोच्या कानशिलात रक्त चढलं.

“माझ्या बायकोने दंड पुढे केला होता,” तो म्हणाला. “अस्क्यांच्या अगोदर. तिला खरं सांगितलं असतं, तर तिने दुसऱ्यांदाही केला असता. लोक घाबरतात म्हणता? लोकांना तुम्ही विचारलंत कधी? तुम्हाला भय आहे ते तुमच्या सहीचं.”

टेबलावर लाल शाईची दौत होती. त्याने टाक बुडवला आणि मुलांच्या पानावर रेघा ओढायला सुरुवात केली. बावीस ‘उठली’ त्याने खोडले, प्रत्येकापुढे ‘उठली नाही’ लिहिलं. मोठ्यांचं पान उघडलं तेव्हा कृष्णस्वामी सुतक विसरले. त्यांनी त्याचा हात धरला, रजिस्टर हिसकावलं आणि कपाटात घालून कुलूप लावलं.

“सस्पेंड करीन तुम्हाला!”

“करा. पण अगोदर लस द्या.”

“लस रजिस्टर बघून मिळते,” कृष्णस्वामी म्हणाले आणि किल्ली खिशात टाकली.

डेपोत बर्फाची पेटी संताजीच्या ताब्यात असे. तोही तंजावरचाच. त्याने सगळं ऐकून घेतलं, आत गेला आणि दोन कुप्या बर्फात गुंडाळून घेऊन आला.

“काल आलेली आहे, ताजी. पोरांपुरती होईल. मी ‘दोन कुप्या फुटल्या’ असं लिहितो.”

“पुन्हा खोटंच?”

“मग खरं लिहिलेला कागद आण की! आण, कोण सही देतंय बघू. जा बा, बर्फ विरघळतोय.”

गुंडोने कुप्या घेतल्या. खोट्यासाठी त्याला रजिस्टर, शाई, दोन सह्या, सगळं मिळालं होतं. खऱ्यासाठी चोरी करावी लागत होती. रस्ताभर तो दात आवळून चालला.

घरोघर जाऊन त्याने एकच वाक्य सांगितलं. “गेल्या वर्षीची लस मेलेली होती, मी खोटं लिहिलं, ही ताजी आहे, पोरांना आणा.” एका घराने दार लावून घेतलं. एकजण म्हणाला, “बायकोला खाल्लंस, आता पोरं हवीत तुला?” एका बाईने आतून पाणी फेकलं. तो पुढच्या दाराशी गेला.

अलमेलू मामीने वसंताच्या पोरांना बकोटीला धरून ओट्यावर आणलं. तो पायरीखालीच उभा राहिला.

“तिथून कसा टोचशील?” मामी म्हणाली. “सुतक माझं मी बघतें. शिव त्यांना.”

ते बघून आणखी काही घरांतून मुलं आली. सगळी मिळून तेरा झाली.

आठव्या दिवशी तो दंड बघत फिरला. तेराही दंडांवर टपोरे, पाणी भरलेले फोड होते. पोरं खाजवत होती आणि आया त्यांच्या हातांवर चापट्या मारत होत्या. हे लिहायला त्याच्याजवळ रजिस्टर नव्हतं.

नऊ मुलं टोचायची राहिली आहेत. एकशे अठरा मोठी माणसं राहिली आहेत. कृष्णस्वामींच्या कपाटात त्यांच्या नावांपुढे ‘संरक्षित’ लिहिलेलं आहे. कनकाच्या नावापुढेही तेच आहे. ते अजून खोडलेलं नाही.