माझ्या पायावरची बरगडीची कातडी

मित्रांनो, मी चिंचपोकळीच्या एका चाळीत राहणारी म्हातारी कुत्री आहे. नाव चिंगी. माझ्या पुढच्या उजव्या पायावर बरगडीची कातडी आहे, म्हणून तिथले केस उलटे वाढतात.

सुभद्राकाकूंनी मला पिल्लू असताना घरी आणलं. नऊ वर्षं मी त्यांचं दार राखलं. चाळीत कुणाला काही लागलं की काकू ती जखम रोज उघडायच्या, धुवायच्या आणि हळद भरायच्या. गेल्या श्रावणात त्या अचानक वारल्या. घरात त्यांचे यजमान जयवंतकाका आणि मी उरलो.

महिन्याभरात एका टेम्पोचं चाक माझ्या पायावरून गेलं. मी खाली पाहिलं. कोपरापासून पंजापर्यंत कातडीच नव्हती. आतलं पांढरं हाड दिसत होतं. काकांनी धावत येऊन मला उचललं.

"पाय कापायला लागणार," शेजारचे सीताराम म्हणाले.

"तुझ्या तोंडातून कधी चांगलं येणार रे?" काका ओरडले.

दवाखान्यात डॉक्टर मृणालिनींनी दोन आठवडे जखम साफ केली. मग माझ्या बरगडीवरची कातडी काढून पायावर शिवली. "पाच दिवस पट्टी सोडायची नाही, काका. कातडी हलली तर जगणार नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी पट्टी सोडली. शेजारी हळदीची वाटी होती. "सुभद्राने रोज बघितलं असतं गं," ते मला म्हणाले. पट्टीला चिकटून कातडीचा तुकडा निघाला. काका त्याच्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. तो तुकडा माझा होता.

"काय सांगितलं होतं मी तुम्हाला?" डॉक्टर चिडल्या.

"आमची ही असंच करायची."

डॉक्टरांनी माझा पाय तपासला. मग म्हणाल्या, "कोपराजवळची कातडी धरली आहे, पंजाजवळची गेली. दुसऱ्या बरगडीवरून एकदा घेता येईल. पुन्हा हात लावलात, तर मात्र पाय जाईल."

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर काका माझ्याजवळून हलले नाहीत.

"जयवंता, कोंबडीसारखा अंड्यावर बसलायस काय रे?" सीताराम हसले.

"हातांवर बसलोय. शिवशिवतायत मेले."

सातव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. काकांनी भिंतीकडे तोंड केलं. "काय ते सांगा."

"गुलाबी आहे. धरली."

काका तरीही वळले नाहीत. त्यांचे खांदे हलत होते.

मित्रांनो, काकांनी पट्टी सोडली तेव्हाही त्यांची माझ्यावर मायाच होती. पण पट्टी न सोडता बसून राहणं त्यांना फार जड गेलं. तुमच्या घरच्या मुक्या जिवाला लागलं, तर त्याच्याशेजारी बसा. पट्टीला हात लावू नका.