ताटाच्या कडेचे खडे

"एकशे अठरा." ग्रॅमसाहेबांनी काट्यावरच्या वाटीत चिमूटभर गहू टाकला. "एकशे वीस. घ्या, बाईसाहेब."

बाईसाहेबांनी, म्हणजे कोंबडीने, मान वाकडी करून आधी वाटीकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि डोळे मिटून घेतले. दोन्हींपैकी जास्त कंटाळा तिला कशाचा आला, ते कळलं नाही.

"मस्ती आलीय."

"तिसरा दिवस आहे, भावोजी," दारातून मेहुणी म्हणाली. "मस्ती तीन दिवस उपाशीपोटी टिकत नाही. तिच्या गळ्याखाली बघा केवढी गाठ आलीय."

"गाठ नाही. आहार उत्तम आहे, म्हणून अंग धरलंय."

ग्रॅमसाहेब हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. बत्तीस वर्षं ते एका इस्पितळाच्या स्वयंपाकघराचे मुख्य होते आणि नाव तिथल्या आचाऱ्यांनी ठेवलं. एखाद्या रोग्याने अर्धा चमचा डाळ जास्त मागितली, तर साहेब म्हणत, "डॉक्टरांकडून तक्ता बदलून आणा." माणूस सलाइनची बाटली हातात धरून जिने चढून जाई. परत येईपर्यंत डाळ गार आणि भूक मेलेली. आपल्या हाताखाली एकही रोगी दगावला नाही, असं साहेब अजूनही छातीवर हात ठेवून सांगतात. खरंच आहे. दगावले ते वरच्या मजल्यावर. स्वयंपाकघर तळाला होतं.

कोंबडी बायकोची. चार वर्षांपूर्वी बायकोने ती आणली, त्याच महिन्यात साहेबांनी धुळीचा त्रास नको म्हणून परसात कडेपासून कडेपर्यंत सिमेंट ओतून घेतलं. बायको काही बोलली नाही. तिची ती सवयच होती. दोन महिन्यांपूर्वी ती गेली. जाण्याआधी बहिणीला एवढंच म्हणाली, "माझी बया तू घेऊन जा. यांना नाही जमायचं."

हे 'नाही जमायचं' साहेबांना झोंबलं. "तीनशे माणसांना दोन वेळा जेवू घातलंय मी," ते मेहुणीला म्हणाले. "एक कोंबडी जड जाईल?" आणि पिशवी घेऊन आलेल्या मेहुणीला त्यांनी रिकाम्या पिशवीनिशी परत पाठवलं.

मग आहारशास्त्र सुरू झालं. दुकानदाराने अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य दिलं. साहेबांनी ते बोटांत चोळून पाहिलं, "भुसा आहे," म्हणाले आणि परत केलं. त्याऐवजी अख्खा गहू आणि मका आणला. तो चाळला, धुतला, वाळवला आणि ताटात पसरून, चष्मा लावून, दाणा दाणा निवडला. बायको निवडायची तसा नव्हे, तर आयुष्यभर तिला निवडता आला नाही तसा.

कारण साहेबांच्या घरातला मोठा तंटा हाच होता. जेवताना दाताखाली खडा आला की ते ओरडत नसत. खडा जिभेवरून काढून ताटाच्या कडेला ठेवत आणि समोर बसलेल्या बायकोकडे बघून म्हणत, "एक." दुसरा आला की "दोन." बस, एवढंच. पाहुणे असले तर जरा मोठ्याने.

शेवटी मेहुणीनेच कोंबडी टोपलीत घातली. साहेब मागून निघाले, "तुझं समाधान होऊ दे," म्हणत.

जनावरांची डॉक्टर पोरसवदा होती. तिने कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी हळूच दाबली. आत दाणे करकरले.

"खायला काय देता, काका?"

साहेबांनी खिशातून तक्ता काढला. वेळा, ग्रॅम, सगळं वाचलं.

"आणि खडे?"

"एकही नाही!" साहेबांची मान ताठ झाली. "स्वतः निवडतो. हजार दाण्यांत एक दाखवा."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "काका, कोंबडीला दात असतात का?"

"नसतात."

"मग अख्खा मका ती चावते कशाने? पोटात खडे साठवते, तेच दाणे दळतात. तिच्या पोटात दळणाचं जातं असतं आणि तुम्ही त्याचे दगडच काढून ठेवलेत. वर दाणे घालताय. ते खाली सरकेनात, इथेच अडकलेत. मोकळी माती असेल तर ती आपली आपण टिपते. अंगण आहे ना?"

साहेबांनी तक्त्याची घडी घातली. "सिमेंट आहे. ही आली तेव्हापासून, चार वर्षं."

"मग चार वर्षं जगली कशी?"

डॉक्टर पिचकारीने कोंबडीच्या चोचीत थोडं थोडं पाणी सोडून पिशवी चोळत राहिली. दोघं बाहेरच्या बाकावर बसली.

"ताई घालायची खडे," मेहुणी म्हणाली.

"कुठले?"

"तुमचेच. ताटाच्या कडेचे. तुम्ही हात धुवायला उठलात की गोळा करायची आणि दारात जाऊन, ये गं बये, करायची. निवडताना निघालेलेही तिलाच. तुम्ही मोजत होतात, भावोजी. ती जमवत होती."

साहेबांनी खिशातला तक्ता काढून त्याची आणखी एक घडी घातली.

कोंबडी वाचली. त्यात साहेबांचा वाटा शून्य, असं मेहुणीने जाताना स्पष्ट सांगितलं. टोपली तिने खाली ठेवली आणि विचारलं, "नेऊ?"

"आठ दिवस दे," साहेब म्हणाले. 'दे' हा शब्द त्यांच्या तोंडी मेहुणीने प्रथमच ऐकला असावा, कारण ती टोपली तिथेच ठेवून गेली.

तो भुसा परत आणला. अंड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा आणला. काटा फळीवर गेला.

पाचव्या दिवशी दुपारी साहेब जेवायला बसले. डाळ त्यांनीच शिजवली होती, त्यांनीच निवडली होती, चष्मा लावून, दोनदा. तिसऱ्या घासाला कचकन दाताखाली खडा आला.

त्यांनी तो जिभेवरून काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि समोर बघितलं.

"ए—"

समोर रिकामा पाट होता.

उंबऱ्यावरून कोंबडी आत आली. एरवी तिला घरात मज्जाव. ती ताटापाशी आली, मान वाकडी करून खड्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे पाहिलं, आणि खडा टिपला.

साहेब ताटाच्या रिकाम्या कडेकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि डाळीत बोट घालून आणखी एखादा सापडतो का ते शोधू लागले.