हौदातलं इंजिन

बोटीचं इंजिन पुराच्या पाण्याबाहेर आलं तेव्हा काठावर शंभरेक माणसं उभी होती आणि त्या शंभरांनाही इंजिनातलं सगळं कळत होतं. एक म्हणाला उन्हात ठेवा, दुसरा म्हणाला भुश्शात पुरा, तिसऱ्यानं केस वाळवायचं यंत्र आणायला घरी माणूस पिटाळला. गावातली वीज दोन दिवसांपासून गेली होती, एवढं मात्र त्याच्या ध्यानात नव्हतं. मल्हारनं कुणाचं ऐकलं नाही. चौघांच्या मदतीनं इंजिन ट्रॉलीत घातलं, चढावरच्या आपल्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात आणलं आणि बोअरच्या मोटारी तपासायच्या सिमेंटच्या हौदात, स्वच्छ पाण्यात, पुन्हा बुडवून टाकलं.

लोकांना वाटलं, गड्याचं डोकं फिरलं. मल्हारनं समजावलं, की पाण्यात आहे तोवर लोखंडाला काही होत नाही; ओलं इंजिन वाऱ्यावर ठेवलं की आतून गंज धरायला लागतो. नवे प्लग आणि ऑइल घेऊन तो सांगलीहून येईपर्यंत ते पाण्यातच बरं. हे शहाणपण त्याचं स्वतःचं नव्हतं. ते त्याला राजरत्ननं शिकवलं होतं आणि राजरत्नचं नाव त्या दिवशी गावात शिवीशिवाय निघत नव्हतं.

राजरत्न फौजेत इंजिनिअर पलटणीत सतरा वर्षं काढून आलेला माणूस. गावाची बोट तोच चालवायचा. जाकीट घातल्याशिवाय तो सरपंचालाही बोटीत पाय टाकू देत नसे, त्यावरून लोक त्याची टिंगलही करत. काल दुपारी मळीच्या वस्तीवरून नऊ माणसं घेऊन येताना ऐन धारेत इंजिन गपकन बंद पडलं. बोट आडवी झाली, विजेच्या खांबावर आपटली आणि उलटली. जाकिटांमुळे नऊच्या नऊ माणसं वाचली. पण त्यातली लालासाहेबांची चार वर्षांची नात सोनिया अर्ध्या तासानं सापडली. राजरत्ननं निखळलेल्या खांद्यानं तिला बाभळीच्या फांदीवर धरून ठेवलं होतं. तेव्हापासून पोर डोळे उघडे ठेवून पडली होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

लालासाहेब म्हणजे बोट समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्यांनी सकाळीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की इंजिनात बिघाड निघाला तर गोष्ट वेगळी. इंजिन धड निघालं तर दोष चालवणाऱ्याचा. मग राजरत्न पुन्हा बोटीला हात लावणार नाही, तसं ते तहसीलदारांना लिहून देणार.

म्हणून सांगलीहून परत येताना मल्हार आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे बिघाड मागत होता. काहीतरी तुटलेलं सापडू दे. एवढासा का होईना, दोष निघू दे.

त्यानं इंजिन उचलून हौदाच्या काठावर पकडीत बसवलं. खालच्या, बोट ढकलणाऱ्या पंख्याभोवती केंदाळ आणि चिखलाचा भलामोठा गोळा झाला होता, पण इंजिन रात्रभर तळाशी लोळलं होतं, तेव्हा त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. मल्हारनं आधी वरचा भाग घेतला. झाकण काढून चिखल धुतला. प्लग काढले आणि दोरी ओढली, तसं भोकांतून पाणी पिचकारीसारखं उडालं. प्लग आत असताना दोरी ओढली असती तर आतला दांडा वाकला असता. हेही राजरत्नचंच शिकवणं. पाणी थांबेपर्यंत तो ओढत राहिला. टाकीतलं पेट्रोल ओतून बघितलं, त्यात पाणी भरलेलं होतं, पण ते बुडाल्यावरच शिरलेलं असणार. कार्बोरेटर खोलला, स्वच्छ. वायरी जागच्या जागी. दांडा सरळ. एकेक भाग चांगला निघत होता आणि मल्हार पुढचा भाग अधिकच घाईनं खोलत होता. मेकॅनिकला धड इंजिन बघून रडू यावं, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

शेवटी तो पंख्याकडे वळला. तो हातानं फिरेना. विळ्यानं केंदाळ कापून काढलं, तर त्याच्या आत कापड होतं. पंखा आणि त्याच्या दांड्याच्या मधे इतकं घट्ट गुंडाळलं गेलं होतं, की कातडं वाटावं. तळाशी लोळताना कापड असं पिळलं जात नाही. ते चालत्या पंख्यानंच ओढून घेतलं होतं. मल्हारला इतका आनंद झाला, की तो एकटाच मोठ्यानं हसला. सापडलं. राजरत्न सुटला.

कापड कापून त्यानं बाहेर ओढलं. ओढता ओढता ते संपेना. हात, दोन हात, चार हात. हिरवं नऊवारी लुगडं, पिवळे काठ. पदराच्या टोकाला गाठ होती. ती सोडली, तर आत तांदळाचे फुगलेले दाणे आणि भंडाऱ्याचा पिवळा लगदा.

मल्हारनं तो लगदा बोटांवर घेऊन उजेडात धरला.

कृष्णेचं पाणी देवळाच्या पायरीला लागलं की गावातल्या बाया नदीची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, आणि ऐपत असेल तर लुगडं. पण ओटीत भंडारा धनगराशिवाय कोण घालतं? अख्ख्या गावात धनगराचं घर एकच, ते त्याचं. आणि हे लुगडं त्यानंच गेल्या दिवाळीला आईसाठी आणलं होतं. बयाबाईनं ते एकदाही नेसलं नव्हतं. देवाच्या कामाला ठेवते, म्हणाली होती. जत तालुक्यातल्या माळावर जन्म काढलेली बाई. टँकरची वाट बघण्यात तिची निम्मी हयात गेली. दारात चालत आलेलं पाणी तिला कधी संकट वाटलंच नाही.

बाहेर लालासाहेबांचा आवाज आला, तसं मल्हारनं काही विचार न करता लुगडं गोळा करून हत्यारांच्या पोत्याखाली सारलं. एखाद्या चोरानं करावं तसं केलं आणि ते त्याचं त्यालाच खरं वाटेना.

लालासाहेबांसोबत पाच-सहा माणसं होती. मल्हारनं प्लगच्या भोकांत थोडं ऑइल सोडलं, नवे प्लग बसवले, ताजं पेट्रोल भरलं आणि दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन फुरफुरलं, पांढरा धूर ओकलं आणि मग एका लयीत चालू लागलं. हौदातलं पाणी उसळलं. लालासाहेबांनी वाकून ते ऐकलं. मग इंजिन ठणठणीत आहे ना, असं त्यांनी विचारलं. मल्हारनं होकारार्थी मान हलवली. बस, मला एवढंच पाहिजे होतं, असं म्हणून ते कागद लिहायला निघून गेले.

दुपारी बयाबाई भाकरी घेऊन आली. आज तिचा चेहरा उजळला होता. गाव काही का म्हणेना, नऊ जीव वाचले ते कुणामुळं, हे तिला ठाऊक होतं. काल दुपारी, बोट उलटण्याच्या आधी, तिनं देवळाच्या पायरीवरून नदीची ओटी भरली होती. नवं कोरं लुगडं दिलं होतं. बयाबाई हरखून सांगत होती आणि मल्हार भाकरीकडे बघत बसला होता. मग तो उठला आणि पोत्याखालून लुगडं काढून त्यानं तिच्या पुढ्यात ठेवलं.

"ह्ये पंख्यात हुतं, आये," तो म्हणाला. "म्हणून बोट बंद पडली."

बयाबाईनं लुगडं ओळखलं. काठावरून हात फिरवला. गाठीच्या जागचा पिवळा डाग नखानं खरवडून बघितला. ती रडली नाही, ओरडली नाही. मल्हारला भीती वाटली. त्यानं पाणी पुढं केलं, तर तिनं भांडं घेतलं आणि हातातच धरून बसली. शेवटी ती एवढंच म्हणाली, की मला त्या माणसाकडं ने.

पूरग्रस्तांची सोय शाळेत केली होती. राजरत्न पाचवीच्या वर्गात भिंतीला टेकून बसला होता. खांदा बांधलेला, ओठ फुटलेला. बयाबाईनं चिखलानं काळं पडलेलं, फाटकं लुगडं त्याच्यासमोर ठेवलं आणि खाली बसली.

राजरत्ननं लुगड्याकडं क्षणभर बघितलं. मग मल्हारला विचारलं, इंजिन हौदात ठेवलं होतंस ना?

"दादा, ह्ये लुगडं आमच्या आयेचं हाय," मल्हार म्हणाला.

"ठावं हाय मला."

मल्हारला वाटलं आपण चुकून ऐकलं. राजरत्न हळू आवाजात सांगू लागला. वस्तीकडं जाताना त्यानं म्हातारीला पायरीवर लुगडं सोडताना बघितलं होतं. येताना तेच हिरवं बोटीखाली शिरताना दिसलं. इंजिन बंद करायला त्यानं हात नेला, तोवर पंख्यानं ते ओढून घेतलं होतं.

"मग बोलला का न्हाईस?" मल्हारचा आवाज चिरकला.

"मला चार म्हैनं बोलतील नि इसरतील," राजरत्न म्हणाला. "म्हातारीला मरस्तवर बोलतील. तुमी भायेरचं. मी निदान हितलाच हाय."

मल्हारला काल रात्रीपासून जे जे वाटलं होतं ते सगळं या धक्क्यापुढं फिकं पडलं. पोत्याखाली लुगडं सारणारे आपले हात त्याला आठवले आणि ते कुठं ठेवावेत ते कळेना. बयाबाई मात्र उठली होती. लुगडं उचलून ती दाराबाहेर पडली. गुडघे दुखतात म्हणून ती रोज सावकाश चालायची. आज मल्हारला तिच्यामागं पळावं लागलं.

देवळाच्या पायरीशी बाया जमल्या होत्या. पुढं लालासाहेबांच्या पत्नी आक्काताई, हातात ताट, ताटात घडी न मोडलेलं लाल लुगडं. नात वाचली म्हणून त्या नदीची ओटी भरायला आल्या होत्या. लालासाहेब बाजूला उभे होते, खिशात लिहिलेला कागद होता.

बयाबाई पाण्याच्या आणि ताटाच्या मधे उभी राहिली.

"आवं आक्काताई, नारळ सोडा, तांदूळ सोडा. लुगडं सोडू नगासा," ती म्हणाली आणि हातातल्या चिंध्या तिनं सगळ्यांना दिसतील अशा उलगडल्या. "ह्ये माझं. काल बोटीच्या पंख्यात ह्येच गेलं. तुमची नात त्या माणसानं न्हाई बुडवली, मी बुडवली."

एका बाईच्या हातातला नारळ पायरीवर पडला आणि गडगडत पाण्यात गेला. कुणी तो धरला नाही. आक्काताई बयाबाईच्या तोंडाकडं बघत राहिल्या, मग त्यांनी ताटातलं लाल लुगडं उचलून काखेत घट्ट धरलं. लालासाहेब पुढं आले. आता ते म्हातारीला काय बोलतात, म्हणून मल्हार आईला खेटून उभा राहिला. लालासाहेबांनी लुगड्याचं एक टोक हातात घेतलं. पंख्यानं पाडलेल्या चिरा एकेक करून बघितल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

मग त्यांनी मल्हारला विचारलं, राजरत्नचा खांदा बरा व्हायला किती दिवस लागतील म्हणून.