दोनशे पत्त्यांतला नावाडी

मित्रांनो, मी खेळाचा एक जुना पत्ता आहे. माझ्यावर होडी वल्हवणारा म्हातारा नावाडी छापला आहे आणि अंगावर चंदेरी मुलामा आहे. कारखान्यात मला मोठ्या तावातून कापलं, चौदा जणांबरोबर पाकिटात बंद केलं, आणि समुद्रावरून मी फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात आलो. पाकीट फोडणारी मुलगी मला पाहून आनंदाने किंचाळली. एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

मुलाम्याच्या पत्त्यांना दमट हवा सोसत नाही. कागद ओल पितो, मुलामा पीत नाही. मग अंग वाकतं. सहा महिन्यांत माझी कमान झाली. स्पर्धेत पंचांनी मला दोन बोटांत धरलं. "हा न बघता ओळखू येतो. बाद!" झालं, मी टाकाऊ पत्त्यांच्या खोक्यात जाऊन पडलो.

ते खोकं क्रिसांतोंनी उचललं. बाजाराच्या जिन्याखाली ते घड्याळं दुरुस्त करत. गिऱ्हाईक खोळंबलं की ते आम्हा दोनशे जणांना पिसत आणि तीन पत्ते मांडत: झालेलं, चाललेलं, होणारं. किल्ला म्हणजे सरकारी कचेरी, राक्षस म्हणजे संकट, विहीर म्हणजे पोटात ठेवलेली गोष्ट. माझा अर्थ एकच होता: सोबत आहे.

मासे विकणाऱ्या चोलेंगना सगळे मानांग, म्हणजे ताई, म्हणत. त्यांचा मुलगा जहाजावर होता. महिनोन्‌महिने त्याचा निरोप नसे. त्या येऊन बसत आणि क्रिसांतोंना म्हणत, "नोंग सांतो, राक्षस माझ्या नवऱ्यासाठी ठेवा. मला बरं काहीतरी काढा."

"काढणारा मी कोण? नशीब काढतं," ते म्हणत. तोवर त्यांचं बोट गड्डीत फिरत माझ्या बाकावर येऊन थांबलेलं असे. केसाएवढा घड्याळाचा काटा ओळखणारं बोट होतं ते. हे गुपित फक्त आम्हा दोघांचं आहे, असं मला वाटे.

क्रिसांतोंची मुलगी मारिविक नर्स आहे. तिच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, लग्न मोडलं तेव्हा, आई गेली तेव्हा, तिसरा पत्ता मीच होतो.

"ताय, पुन्हा हाच?" ती बापाला विचारी.

"मग? त्याला दुसरं घर माहीत नाही, इंदाय." लेकीला ते लाडाने इंदाय म्हणत.

मागल्या वर्षी क्रिसांतो गेले. मारिविकने आम्हाला घरी नेलं, पत्र्याच्या डब्यात ठेवलं. आम्ही खराब होऊ नये म्हणून औषधांच्या बाटल्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या आत टाकल्या. तिने हे मायेनेच केलं. पण त्या कोरड्या अंधारात माझा बाक हळूहळू निघून गेला. मी सरळ झालो, इतरांसारखा.

रोज सकाळी कामाला निघण्याआधी ती तीन पत्ते काढी. तिला मी हवा होतो. मी निघालो तर ताय अजून कुठेतरी आहेत, असं तिने मनाशी धरलं होतं. तिची बोटं माझ्यावरून जात आणि थांबत नसत. हाक मारायला मला तोंड नाही. इतका एकटा मी टाकाऊ खोक्यातही नव्हतो.

क्रिसांतोंना जाऊन वर्ष झालं, त्या दिवशीच्या प्रार्थनेला मानांग चोलेंग नारळाच्या पानात बांधलेला चिकट भात घेऊन आल्या. बाकीचे गेल्यावर त्यांचं लक्ष डब्याकडे गेलं. "काढ की माझे तीन!"

राक्षस निघाला. मग विहीर. मग पुन्हा राक्षस.

"अगं बाई, दोन-दोन नवरे! एक निभवताना जीव जातोय."

मारिविक हसली नाही. "नावाडी येतच नाही, मानांग. रोज काढते. ताय गेले आणि तोही गेला."

"तो कधी आपणहून आला होता?" चोलेंग म्हणाल्या. "वाकडा होता मेला. तुझा बाप चाचपून काढायचा. मी जन्मभर मासे चाचपतेय, मला कळणार नाही होय?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग यायचात कशाला?"

"कुणीतरी माझ्यासाठी शोधतंय, हे बघायला."

मारिविक बराच वेळ पत्त्यांच्या कडा सारख्या करत राहिली. म्हणजे नशीब नव्हतंच. दरवेळी ताय होते. आणि ते आता नाहीत, हे वर्षभर टाळलेलं वाक्यही त्याच वेळी तिच्यापर्यंत पोचलं असावं.

चोलेंगनी गड्डी तिच्या हातातून काढून घेतली आणि टेबलावर उताणी पसरली. चष्मा घरी राहिला होता. एकेक पत्ता नाकाशी धरून त्या पाहू लागल्या. "हा घोडा. ही कोण बया? हा... नाही, हा पण घोडाच." शंभराच्या पुढे कुठेतरी मी सापडलो. त्यांनी मला मारिविकपुढे ठेवलं.

"हा घे. मी काढलाय, तुझ्या डोळ्यांदेखत."

तेव्हा ती रडली. वर्षात पहिल्यांदा.

मित्रांनो, आम्हा पत्त्यांना पुढचं काही कळत नाही. आम्हाला ओलीपासून जपा, कोपरे दुमडू नका, एवढी माया पुरे आहे. पण तुमच्या शेजारी कुणी रोज एकट्याने पत्ते मांडत बसत असेल, तर त्याचं नशीब उघडण्याची वाट पाहू नका. गड्डी उताणी करा, आणि त्याला हवा असलेला पत्ता शोधून त्याच्या हातात द्या.