बारुदच्या शेडातली आरती

"बाई, तुझा हात कामावर नाय, आरतीत भाजलाय," लक्ष्मणशेठ दवाखान्याच्या पायरीवरच बोलला. "त्यात कारखान्याचा काय संबंध? देवाची करणी हाय ती."

गोजरबाईनं पट्ट्यांत गुंडाळलेला उजवा हात छातीशी धरला. दोन बोटं गेली होती. उरलेली वाचवायची तर मोठं ऑपरेशन, आणि त्याचा खर्च शेठ देईल तरच.

वाळूजच्या पल्याड माळावर शेठचा फटाक्यांचा कारखाना. ठिणगी पडू नये म्हणून बायांची जोडवीसुद्धा दारातच काढून घ्यायचे. आणि खंडेनवमीला त्याच शेठनं चाळण्या, तराजू मांडून, हळदकुंकू वाहून, बारुदच्या शेजारी कापूर पेटवला. कशासाठी? तर वर्षभर अपघात होऊ नये म्हणून! ताट गोजरबाईकडं दिलं. "तू उपासतापासाची बाई, तुझा हात शुभ." ताटातली ठिणगी उडाली अन् भडका झाला. सोबतच्या अमिनानं वाळूची बादली ओतली म्हणून जीव तरी वाचला.

"देवाची करणी बोलता मुआ!" अमिना फणफणली. "और तुम चुप?"

"चुप कुठं? इचार करायलेय."

घरी येऊन गोजरबाईनं डाव्या हातानं तुळशीपाशी दिवा लावला. मग शेजारणीला हळूच सांगितलं, "शेठच्या शेडात देव परगटलाय. शेठच म्हनला."

शुक्रवारी अर्धं गाव माळावर लोटलं. नारळ, उदबत्त्या, झांजा. गोजरबाईनं सगळ्यांना फाटकाबाहेर, लांब चिंचेखाली थोपवलं आणि निरांजन लावलं. आत शेठ चौकशीला आलेल्या सरकारी साहेबाला सांगत होता, "अपघात? हितं? छ्या!"

झांजा ऐकून तो धावत आला.

"विझवा! आत बारुद हाय!"

"देवाला बारुद काय करतंय?" गोजरबाई मऊ आवाजात म्हणाली. "चपला काढा शेठ. देवाचं ठिकाण हाय. आरती घेऊन आत जायचंय आमाला."

शेठनं घाबरून चपला काढल्या. "देव नाय गं माय! कापूर मी पेटवला! माझ्या शेडात, माझ्या कामावर भाजलीस तू! दवाखान्याचं बिल मी भरतो, पन आत येऊ नका!"

मागून आलेला साहेब म्हणाला, "शेठ, पुन्हा बोला. मोठ्यानं."

शेठ पुन्हा बोलला. सगळ्या माळानं ऐकलं.

शेजारची आवडाबाई निरांजनावर फुंकर मारायला वाकली, तशी गोजरबाईनं तिला अडवलं. "फुंकू नगं गं, देवाचा दिवा हाय. वाळूत शांत कर."

अमिना बादली घेऊन उभीच होती. बाया घराकडं वळल्या. शेठ मात्र तापल्या माळावर अजून अनवाणीच उभा होता, चपला घालाव्या की नाय, या इचारात.