विजेनंतरचा पिवळा

मित्रांनो, मी एक जुनी काचनळी. मधोमध पोट सुटलेली, म्हणून प्रयोगशाळेत सगळे मला 'ढेरपोटी' म्हणतात. हसा, हसा! बाबांनीच ठेवलंय ते नाव.

बाबा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमचे वडील. काच फुंकून वस्तू घडवणं हे त्यांचं काम. मला ज्योतीवर लालबुंद करून त्यांनी फुंकर घातली, दोन्ही टोकांना धातूचे तुकडे बसवले. मग मॅडमनी पंपाने माझ्यातली हवा उपसली, थोडासा नायट्रोजन सोडला आणि वीज दिली. एरवी नायट्रोजन महाआळशी, कुणाच्या अध्यात ना मध्यात! पण विजेने त्याच्या अणूंच्या जोड्या फुटतात आणि सुटे झालेले अणू दिसेल त्याला बिलगायला धावतात. वीज असेपर्यंत मी जांभळट गुलाबी दिसते. बंद केली की ते अणू पुन्हा एकमेकांना भेटू लागतात आणि माझ्या पोटात सोनेरी पिवळा उजेड रेंगाळतो.

त्या पिवळ्यासाठी बाबा रोज यायचे. पडदे ओढून स्टुलावर बसायचे. "पोरी, आता बंद कर," असं ते म्हणाल्याशिवाय मॅडम बटण बंद करत नसत. पिवळा उमटला की म्हणायचे, "बघ, वीज गेली तरी माझी ढेरपोटी जागीच!" इतकं कौतुक माझं दुसऱ्या कुणी केलं नाही.

बाबा गेले. मी कपाटावर धूळ खात पडले.

एका दुपारी मॅडम आल्या. मला पुसलं, पंपाला जोडलं, पडदे ओढले. स्टूल रिकामंच होतं. वीज आली, मी गुलाबी झाले. मॅडम बटणावर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

"बाबा, सांगा ना," त्या म्हणाल्या.

मी तापत चालले होते. त्या थांबूनच होत्या. माझा जीव नुसता तुटत होता. शेवटी काच नि धातूच्या सांध्यापाशी कट्‌कन आवाज झाला, हवा आत घुसली आणि मी विझले. पिवळा उमटलाच नाही. मॅडम मला पोटाशी धरून ओक्साबोक्शी रडल्या. मला सांधणारे हातही आता नव्हते.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणत नाही, तडा गेलेली काच कोण ठेवतं! पण तुमच्या घरात कुणी असं बटणावर बोट ठेवून खोळंबलं असेल, तर त्याच्याजवळ जा आणि बोला. तुम्हाला तोंड आहे. मला त्या दुपारी एवढंच म्हणायचं होतं, "पोरी, आता बंद कर."